आधी तिची स्वतःची झडप वाचते का ते पाहा

पत्र (नाव-गाव वगळून, थोडं आटोपशीर करून):

‘डॉक्टर, माझी मुलगी २५ वर्षांची आहे. बँकेत कंत्राटी नोकरी करते. अकरा वर्षांची असताना तिचे गुडघे, मग घोटे, मग मनगटं एकामागून एक सुजली होती, तापही होता. तेव्हा दर २१ दिवसांनी पेनिड्युरचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. दोन-अडीच वर्षं घेतलं, मग बरं वाटलं म्हणून बंद झालं. आता वर्षभरापासून दोन जिने चढले की धाप लागते, रात्री खोकला येतो. टूडी इको केला तर डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह खूप अरुंद झालाय म्हणाले. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात बलून करू. पुण्याचे म्हणतात बलूनचा उपयोग नाही, व्हॉल्व्ह बदलावा लागेल, मेटलचा की टिश्यूचा ते घरी ठरवून या. माझे दीर म्हणतात आता पायातूनच नवीन व्हॉल्व्ह बसवतात, त्यांच्या साहेबांच्या वडिलांना बसवला. त्यात तिला चांगलं स्थळ आलंय. नणंद म्हणते, आधी लग्न उरका, छातीवर व्रण दिसला तर कोण करून घेणार? दोन्ही इकोच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मेटल की टिश्यू, एवढं सांगा.’

ताई,

झेरॉक्स जोडल्यात ते फार बरं केलंत. त्या नसत्या तर मला नुसतं गोल गोल बोलावं लागलं असतं. मेटल की टिश्यू या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटाकडे. कारण तुमच्या मुलीच्या बाबतीत तो प्रश्न अजून आलेलाच नाही, आणि कदाचित येणारही नाही.

तुमच्या पहिल्या रिपोर्टात एका ओळीत लिहिलंय : एमव्हीए ०.९. म्हणजे मायट्रल झडप (तुम्ही म्हणता तो डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडली तरी मधली वाट ०.९ चौरस सेंटिमीटरच राहते. निरोगी माणसात ती ४ ते ६ असते. दीडच्या खाली गेली की आम्ही तिला गंभीर म्हणतो, एकच्या खाली म्हणजे अतिगंभीर. फुफ्फुसांतून आलेलं शुद्ध रक्त वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात याच वाटेने उतरतं. धरणाचं दार अर्धवटच उघडलं की फुगवट्याचं पाणी मागच्या गावांत शिरतं, तसं हे रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं. धाप त्याची, आडवं पडल्यावर येणारा खोकलाही त्याचाच. फुफ्फुसांतला दाब ५५ लिहिलाय तोही त्यामुळेच.

जिना चढतानाच त्रास का, बसल्या जागी का नाही? वरचा कप्पा खाली रिकामा होतो तो दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. ठोके वाढले की ही विश्रांती आखडते, वाट आधीच अरुंद, मग रक्त उतरायला वेळच पुरत नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी ठोके कमी करणारी गोळी दिली आहे ती यासाठी. ती चुकवू देऊ नका. मात्र गोळीने झडप उघडत नाही, फक्त वेळ मिळतो.

हे सगळं त्या लहानपणच्या तापातून, म्हणजे वातज्वरातून आलं. घशाला स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचा संसर्ग होतो, तो नीट औषध न घेता तसाच जातो, आणि त्या जंतूशी लढताना शरीर आपल्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात, खूण राहत नाही. झडपा बऱ्या होत नाहीत. वर्षानुवर्षं त्यांच्या कडा जाड होत एकमेकींना चिकटत जातात. पेनिड्युरचं, म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद झालं याबद्दल तुम्ही पत्रात तीनदा स्वतःला दोष दिलाय (छापताना मी तो भाग काढला). माझ्या ओपीडीत असे शेकड्यांनी रुग्ण आले, आणि त्यातल्या बहुतेकांची इंजेक्शनं ‘बरं वाटलं म्हणून’च सुटलेली होती. चौदा वर्षांच्या वाढत्या मुलीला काहीही होत नसताना दर तीन आठवड्यांनी दुखरं इंजेक्शन का टोचायचं, हे तेव्हा तुम्हाला कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं.

आता दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात ते पाहू. तुम्हाला वाटतंय त्यांच्यातला कुणीतरी एक पैशासाठी बोलतोय. मला तसं दिसत नाही. सोलापूरच्या रिपोर्टात लिहिलंय, गळती (झडप नीट न मिटल्याने रक्त उलट मागे जाणं) ‘माइल्ड’, विल्किन्स स्कोअर ७. पुण्याच्या रिपोर्टात गळती ‘मॉडरेट’ आणि स्कोअरच लिहिलेला नाही. सगळा मतभेद या एका शब्दावर उभा आहे. झडप नुसती चिकटलेली असेल तर बलूनने ती सुटी करता येते. पण ती चिकटलेलीही आणि बऱ्यापैकी गळकीही असेल, तर बलूनने गळती वाढण्याचा धोका असतो, मग सर्जनकडे जावं लागतं. दोघेही आपापल्या इकोप्रमाणे बरोबरच बोलतायत. फरक इको करणाऱ्या हातात आणि डोळ्यात पडलाय.

विल्किन्स स्कोअर म्हणजे झडपेच्या चार गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण : पाकळी किती हलते, किती जाड झालीय, त्यात चुना किती साठलाय, आणि खालच्या दोऱ्या किती आखडल्यात. बेरीज ८ किंवा कमी आली तर बलूनचा निकाल सहसा चांगला लागतो. तुमच्या मुलीचा ७ खरा असेल तर मी, आयुष्यभर छाती उघडण्याचंच काम केलेली बाई, तिला माझ्या टेबलावर घेणार नाही. शेजारच्या कॅथलॅबमध्ये, जिथे नळीवाटे बलून करतात तिथे पाठवीन.

म्हणून पुढचं पाऊल एकच : टीईई. म्हणजे तोंडातून अन्ननलिकेत नळी घालून केलेला इको. एन्डोस्कोपीसारखाच, उपाशीपोटी, साधारण अर्ध्या तासाचा. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असल्यामुळे चित्र स्पष्ट येतं. त्यात दोन गोष्टी कळतील. गळती नक्की किती, आणि वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी आहे का. गुठळी असेल तर बलून तूर्त बाद, कारण तो तिथे नेताना ती सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होऊ शकतो. अशा वेळी काही महिने रक्त पातळ करणारी गोळी देऊन गुठळी विरघळते का ते पाहतात. हा टीईई अशा ठिकाणी करून घ्या जिथे बलून नियमित करणारे कार्डिऑलॉजिस्ट आणि हृदयाचे सर्जन एकाच छताखाली आहेत, आणि दोघांना एकत्र बसून तो पाहायला सांगा. तुम्ही दोन गावांतल्या दोन केबिनमध्ये गेलात म्हणून दोन उत्तरं घेऊन आलात.

बलून करतात कसा? ऑपरेशन शब्द ऐकून तुम्ही घाबरला आहात, म्हणून जरा सविस्तर सांगते. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूला जाते. दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छोटंसं भोक पाडून ती डावीकडे नेतात. तिच्या टोकाचा फुगा झडपेच्या मधोमध आणून काही सेकंद फुगवतात. चिकटलेल्या कडा आपल्या सांध्यावरच उसवतात. बहुतेक वेळा जांघेपुरती भूल देऊन हे होतं, आणि पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जाते. छातीवर टाका नाही. जपानचे सर्जन कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये हे पहिल्यांदा केलं, आणि आजही फुगा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याआधी हेच काम सर्जन बोटाने करत. धडधडत्या हृदयाच्या कोपऱ्यातून तर्जनी आत घालून झडप मोकळी करायची. लंडनमध्ये हेन्री सुटार यांनी १९२५ मध्ये एका तरुण मुलीवर ते केलं, ती वाचलीही, पण त्यानंतर फिजिशियन मंडळींनी त्यांच्याकडे दुसरा पेशंटच पाठवला नाही! १९४८ नंतर मात्र ती शस्त्रक्रिया जगभर रुळली, आपल्याकडेही हजारो जणी तिच्यावर जगल्या, संसार केले. सांगायचं एवढंच की झडप न बदलता मोकळी करणं ही काही तात्पुरती मलमपट्टी नाही.

तरी त्याच्या मर्यादा आहेतच. शंभरातल्या थोड्या पेशंटना पाकळी भलतीकडे फाटून जोराची गळती होते आणि तातडीने ऑपरेशन करावं लागतं. म्हणूनच सर्जन त्याच इमारतीत हवा असं मी म्हटलं. दुसरं, झडप पुन्हा हळूहळू आकुंचन पावू शकते. कुणाची दहा-पंधरा वर्षं चांगली जातात, कुणाची कमी. पण तुमच्या मुलीच्या आयुष्यातली पुढची दहा वर्षं कोणती आहेत ते पाहा. लग्नाची, बाळंतपणाची, नोकरी पक्की होण्याची. ती वर्षं स्वतःच्या झडपेवर काढता आली तर याहून चांगलं काही मला सुचत नाही.

तुमच्या दिरांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त झडप वेगळी आहे. त्यांच्या साहेबांच्या वडिलांना बसवली असेल ती महाधमनीच्या तोंडाची, अयोर्टिक झडप. फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये ती पहिल्यांदा शिरेतून बसवली. म्हातारपणी चुना साठून ती झडप कडक होते, आणि त्या कडक कड्यातच नवीन झडप घट्ट बसते. वातज्वराने चिकटलेल्या मायट्रल झडपेला तसं बसण्यासारखं कडं नसतं. पंचवीस वर्षांच्या मुलीसाठी तो मार्ग आज विसरा.

आता समजा टीईईत गळती खरंच जास्त निघाली. तरीसुद्धा सर्जनला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘दुरुस्ती जमेल का?’ वातज्वराच्या झडपा दुरुस्त करणं अवघड असतं, सगळ्यांच्या हातचं ते नाही, पण काही सर्जन ते करतात. आणि जमणार नाही असं उत्तर आलं, तरच तुमचा मूळ प्रश्न येतो.

मेटलची झडप टिकते. तिला आयुष्यभर काही होत नाही असं मी म्हणणार नाही, पण झिजून जात नाही एवढं नक्की. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने बनवलेली चित्रा झडप १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. आजवर लाखाहून अधिक जणांना ती बसलीय, आणि परदेशी झडपांपेक्षा ती बरीच स्वस्त आहे. ‘देशी म्हणजे दुय्यम’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. मेटलचा खरा खर्च पुढे सुरू होतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी, वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम, रोज, जन्मभर. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी आयएनआर तपासणी सुरुवातीला वारंवार, मग साधारण महिन्याला, आणि आकडा मायट्रल झडपेसाठी बहुधा अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी, जुलाबावरचं औषध, काढे, नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास, या सगळ्यांनी तो आकडा हलतो. पालक-मेथी बंद करायची नसते, रोज साधारण सारखीच खायची असते. नवी औषधं निघालीत ज्यांना तपासणी लागत नाही, ती मेटलच्या झडपेला चालत नाहीत. कुणी बदलून दिली तर घेऊ नका. मी पाहिलेले सर्वांत वाईट पेशंट ऑपरेशन टेबलावरचे नव्हते. दाढ काढायची म्हणून कुणीतरी गोळी बंद करायला सांगितली आणि पुन्हा सुरू करायला सांगायचं राहून गेलं, असे होते.

आणि मुलीसाठी सर्वांत महत्त्वाचं : वॉरफेरिन गर्भापर्यंत पोहोचतं. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याने बाळाच्या हाडांवर, नाकावर परिणाम होऊ शकतो. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. त्या काळात हेपरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या इंजेक्शनांवर जावं लागतं, त्यात झडपेवर गुठळी होण्याची भीती वाढते. बायका या वाटेने आई होतात, नाही असं नाही. पण मोठ्या हॉस्पिटलजवळ राहून, डोळ्यांत तेल घालून.

टिश्यूची झडप गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणातून किंवा डुकराच्या झडपेतून केलेली असते. हे घरात आधीच सांगा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सासूबाईंना कळून रडारड झालेली मी पाहिलीय. तिला जन्मभराची गोळी लागत नाही हे बहुतांशी खरं, पण पहिले तीन ते सहा महिने सहसा लागतेच, आणि ठोके अनियमित झाले तर नंतरही लागते. तिचं दुखणं वेगळं. तरुण शरीरात ती लवकर कडक होते. सत्तरीच्या माणसात ती पंधरा वर्षं सहज काढेल, पंचविशीत दहाच्या आसपास, कधी त्याहून आधीच जाते. म्हणजे पस्तिशीच्या सुमारास दुसरं ओपन हार्ट, आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा जोखमीचं.

मग मी काय निवडीन? मूल हवं आहे का, किती लवकर हवं आहे, दर महिन्याला तपासणी होईल अशा गावात ती राहणार आहे का, दुसऱ्या ऑपरेशनची मनाची तयारी आहे का, यावर ते ठरतं. लवकर मूल हवं असणाऱ्या मुलीला पुढचं ऑपरेशन नक्की आहे हे स्पष्ट सांगून टिश्यू देण्याकडे माझा कल राहिला. पण ताई, दोन पानी पत्रात आई, दीर, नणंद, दोन डॉक्टर सगळ्यांची मतं आहेत, मुलीचं एकही वाक्य नाही. वरचे चारही प्रश्न तिला विचारायचे आहेत. ती बँकेत लोकांची कर्जप्रकरणं वाचते, स्वतःचा इकोही वाचू शकेल. पुढच्या वेळी डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर तिला बसवा, तुम्ही बाजूला बसा.

लग्नाचं. आधी लग्न उरका हा सल्ला ऐकू नका. तो नुसता अप्रामाणिक नाही, धोक्याचा आहे. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि ठोकेही वाढतात. ०.९ च्या वाटेतून ते उतरणार कसं? ज्या मुलींना आपल्याला झडपेचा आजार आहे हे माहीतच नव्हतं, त्या पाचव्या-सहाव्या महिन्यात फुफ्फुसं पाण्याने भरून आमच्याकडे आल्या आहेत. उलट बलून करून वाट दीडच्या वर गेली, दाब उतरला, तर देखरेखीखाली बाळंतपण सहसा नीट पार पडतं. तेव्हा क्रम असा : आधी उपचार, मग काही महिन्यांनी इको, मग लग्न, आणि दिवस राहण्याआधी एकदा कार्डिऑलॉजिस्टची भेट. स्थळाला सांगायचंच. हा आजार आईकडून मुलांकडे जात नाही, हेही सांगा, कारण पहिली शंका तीच येते. ऐकून माघार घेतली तर ते आत्ता घेतलेलं बरं. दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन सासरी लपवून कसं घेणार होती ती?

व्रणाबद्दल दोन वाक्यं. बलूनला व्रण नाही. ऑपरेशन करावंच लागलं तर काही ठिकाणी उजव्या कुशीतून लहान छेद घेऊनही मायट्रलचं काम होतं, विचारून पाहा, पण व्रणासाठी कमी अनुभवाचा हात निवडू नका.

इंजेक्शनाकडे परत. ते पुन्हा सुरू करावं लागणार, बलून झाला तरी आणि झडप बदलली तरी. नवीन घसादुखीने उरलेल्या झडपांवर पुन्हा हल्ला होऊ नये म्हणून. तिच्यासाठी ते किमान चाळिशीपर्यंत धरून चाला. वाट इतकी अरुंद असताना लगेच इंजेक्शन द्यायचं की उपचार होईपर्यंत पेनिसिलिनच्या गोळ्या द्यायच्या, हे मात्र कार्डिऑलॉजिस्टना विचारून ठरवा, आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली तर पुन्हा विचारा, कारण इंजेक्शन स्नायूत देतात. दंतवैद्याकडे एकदा जाऊन या. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. नवी झडप बसवायची ठरली तर त्याआधी दात स्वच्छ झालेले हवेत.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण जमीन गहाण ठेवण्याचा उल्लेख वाचला. थांबा. बलून आणि झडप बदलणं, दोन्ही महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि दोन्ही इको घेऊन आधी तिथे जा. मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची असते. आधी पैसे भरून मागून परत मिळवू, असं करू नका.

टीईईची तारीख मिळेपर्यंत मीठ कमी, जिने कमी. ताप आला तर अंगावर काढू नका, तापाने ठोके वाढतात. आणि छातीत एकदम अनियमित धडधड सुरू झाली, रात्री उठून बसावं लागलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर तारखेची वाट न पाहता त्याच तासाला १०८ बोलवा आणि दोन्ही रिपोर्ट सोबत न्या.